निळ्या डब्याचं झाकण

तो निळा डबा आठवला की अजून हसू येतं. मी बसवनगुडीचा कानडी माणूस, आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मासळीला उंबरा ओलांडता आला नाही. नोकरीनं मात्र मला एकदा बांगड्यांचा पहारेकरी केलं.

तेव्हा त्याच शहरात राजाजीनगरला पोलीस इन्स्पेक्टर होतो. सकाळीच ओळखीच्या रिक्षावाल्याचा फोन आला, "सर, स्वल्प लवकर या. बसथांब्यावर डब्यावरून जुंपलीय." रिक्षावाल्याची खबर मी कधी हलकी मानली नाही. जाऊन दोघांना ठाण्यात आणलं. एक मालवणहून रातोरात आलेल्या बाई, दुसरा खाणावळींना मासळी पुरवणारा तरतरीत गडी. मध्ये बर्फ टिकवणारा, जाड भिंतींचा डबा. दोघांचंही म्हणणं एकच, "माझा!"

वेगवेगळं बसवून विचारपूस केली. आत मासळी आहे, असं दोघांनी सांगितलं. किनाऱ्याकडच्या बसमधून उतरलेला तसला डबा पाहिल्यावर ते कुणीही सांगेल. शेवटी मी म्हणालो, "पंच बोलवा. डबा उघडू."

"खोला ना सर, आत्ता खोला!" गड्यानं स्वतःच कडीला हात घातला.

बाईंनी दोन्ही तळहात झाकणावर दाबले. "साहेबानू, उघडू नकात! गारवो जातलो. माझ्या लेकीक दिवस गेलेत, पोटात अन्न ठरणा नाय. माझ्या हातच्या बांगड्याची वाट बघता. अजून के. आर. पुरमाक जावचा आसा."

मी गड्याकडे वळलो. "मासळी नासली तर नुकसान तुझंच ना रे? मग उघडायची एवढी घाई कसली? बरं, सगळ्यात वर काय ठेवलंयस?"

"बर्फ," तो चाचरला.

"केळीचा पान," बाई म्हणाल्या. "आणि कोपऱ्यात तिरफळांची पुडी."

पंखा बंद करून पंचांसमोर झाकण वीतभर उचललं. पान होतं, पुडीही होती. बाई रिक्षा बघायला गेल्या तेवढ्यात डबा उचलला, असं गड्यानं कबूल केलं.

"आता तक्रार लिहून द्या," मी बाईंना म्हणालो.

"मागसून दितंय. आधी लेक जेवांदे."

बर्फाच्या मुदतीचं कलम कायद्यात नाही, पण ठाण्याला जीप होती. सगळं शहर ओलांडेपर्यंत बाईंचे हात झाकणावरून हलले नाहीत. चौकशीत माणूस काय बोलतो ते आम्ही टिपून घेतो. हात काय करतात तेही बघावं, हे मी त्या जीपमध्ये शिकलो. वस्तू नुसती हवी असेल तर हात कडीकडे जातो. ती कुणाच्या तरी मुखी पडावी असं वाटत असेल तर तो झाकणावर राहतो.

लेकीच्या स्वयंपाकघरात डबा एकदाचा पुरता उघडला. बर्फ शाबूत होता. बाईंनी बांगडे चुलीवर चढवले. त्या झणझणीत तिखल्याचा वास सुटला, तसा मी सोवळ्यातला माणूस जिन्यात जाऊन उभा राहिलो. बाई माझ्यासाठी सोलकढी घेऊन आल्या. तेवढ्यात आतून आवाज आला, "आये, अजून एक वाढ!"

पेला माझ्या हाती नीट लागायच्या आतच बाई डोळे पुसत आत पळाल्या.