दवाखाना ओलांडून

माझ्या डोक्यात राख घालायला दुसरं कुणी लागत नाही. मीच घालून घेते.

त्या दिवशी नांदूरघाटच्या अलीकडं आमच्या मेंढ्या एका बड्या बागायतदाराच्या हरभऱ्यात शिरल्या. चूक आमचीच होती. दादा, म्हणजे माझे वडील, हात जोडून पुढं झाले. बागायतदाराच्या मुलानं आधी एका कोकराला लाथ घातली, मग दादांच्या कानाखाली वाजवली. माझ्या हातात दगड कधी आला, मला कळलं नाही. तो त्याच्या कपाळावर बसला. रक्त डोळ्यांत उतरून तो मटकन खाली बसला आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग त्यांचा गडी कुऱ्हाड घेऊन माझ्यावर धावला. दादा मध्ये पडले. घाव त्यांच्या दंडावर बसला.

चुलतभावानं टेम्पो काढला. मी दादांचा पटका सोडून दंडाला आवळून बांधला, तरी रक्त माझ्या मांडीवरून खाली गळत होतं. दोन-तीन किलोमीटरवर फाट्याला सरकारी दवाखाना. सहा खाटांचा, पण तिथं डॉक्टर असतो.

"थांबू का, आक्का?" चुलतभावानं विचारलं.

आमच्याकडं मारामारी झाली की जो आधी पोचेल, त्याचा दवाखाना. दुसऱ्यानं वाकडी वाट करून लांब जायचं. एकदा दोन्हीकडचे जखमी तिथं एकदम आले, तेव्हा सलाइनच्या लोखंडी दांड्यांनी पुन्हा डोकी फुटली होती. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"न्हाई थांबायचं," मी ओरडले. "ती माणसं आधीच येऊन बसली असतील. दादांना खाटंवर मारतील. बीडला घे!"

"पोरी, हितंच थांब की गं," दादा म्हणाले. "लई रगत जातंय."

"तुमी गप बसा!" मी बापावर खेकसले. टेम्पो फाटा ओलांडून गेला.

बीड यायच्या आधीच दादांची मान माझ्या खांद्यावर कलंडली. तिथल्या डॉक्टरनं दादांचे डोळे उघडून पाहिले आणि म्हणाला, "जवळ कुठं रक्त थांबवून घेतलं असतं, तर वाचले असते." मी त्याची कॉलर धरली. दोघी नर्सनी मला ओढून बाजूला केलं.

कोर्टात केस चालू आहे. परवा माझ्या लेकराला लस द्यायला त्याच फाट्यावरच्या दवाखान्यात गेले, तर बाकावर बागायतदाराची सून बसलेली. माझे हात शिवशिवायला लागले.

"त्या दिशी कुठल्या खाटंवर निजवलं होतं गं नवऱ्याला?" मी विचारलं.

ती भिंतीला चिकटली. "हितं कुठं? आमी माजलगावला गेलतो. सासरे म्हणले, तुमची माणसं काठ्या घेऊन हितं बसली असतील."

मी नर्सकडं पाहिलं. ती लस भरत होती. "त्या दिवशी दुपारभर कुणीच आलं नाही, ताई. मी आणि डॉक्टर दोघंच होतो."

माझी मूठ वळलेलीच राहिली. आता मारायचं कुणाला? सुई टोचल्यावर लेकरू कळवळून रडलं, आणि मी त्याच्याहून मोठ्यानं रडले. थांब की गं, असं बाप म्हणत होता. मी त्याला गप बसवलं.