मामांचा उलटा हात

पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवू नका, असं हवाई सुंदरीनं दोनदा सांगितलं आणि मी ती तिथंच ठेवली. त्यातून ती फुगलेली होती. शेजारच्या सीटवर माझे सासरे नसते, तर हे लिहायला मी उरलो असतो की नाही, शंकाच आहे.

विजेवर एवढं प्रेम आणि विजेचा एवढा संशय एकाच पोटात बाळगणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात दुसरा नसेल. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं मेंटेनन्सला काढली. मला बघायला आले तेव्हा पगार विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "घराला अर्थिंग हाय का?" अर्थिंग म्हणजे काय ते ठाऊक नसल्यामुळं मी ऐटीत सांगितलं, "आहेत ना, दोन आहेत." तरीही पोरगी दिली. कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी मेन बोर्ड बघणार. कुठलीही वस्तू तपासायची तर बोटांच्या मागच्या बाजूनं. "सरळ हातानं धरलं आन् करंट असला, तर मूठ आवळती, सुटत नाय." मिक्सर, इस्त्री, गीझर, झालंच तर नातवाचा ताप, सगळं उलट्या हातानं. पाचोडच्या एका लग्नात तर ऐन मंगलाष्टकांत त्यांनी मांडवाची वीज तोडली. नवरदेवाचा काका मारायला धावला. मग मांडवामागं वितळलेली वायर सापडली आणि तोच काका पहिल्या पंगतीत त्यांना आग्रह करकरून जिलेबी वाढायला लागला.

पण रिटायर झाल्यापासून त्यांना कुणी बोलवत नाही. हात थरथरतो म्हणून आम्ही घरातही स्टुलावर चढू देत नाही. धाकट्या लेकीचं बाळ बघायला हैदराबादला निघालो, तो त्यांचा पहिला विमानप्रवास.

विमान ढगांच्या वर गेलं आणि मामांनी नाक वर केलं.

"पाव्हणं, जळतंय कायतरी."

"कॉफी असेल, मामा."

"कॉफी काय प्लास्टिकची असती का?"

त्यांनी बटण दाबून हवाई सुंदरीला बोलावलं. "बाई, कहीं तो बी वायर जलरी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र हसली नाही. तिनं हुंगलं आणि तिचा चेहरा बदलला. मिनिटभरात ओव्हन बंद, दिवे बंद, कॅप्टनला फोन. विजेचा बिघाड असू शकतो, गरज पडली तर जवळच्या विमानतळावर उतरू, असं कॅप्टननं जाहीर केलं.

"आधी मेन बंद! शिकलेली पोरगी हाय," मामा खूश.

सगळं बंद होऊनही वास वाढतच राहिला, तेव्हा मला ती पॉवर बँक आठवली. सांगायला तोंड उघडलं. पण एवढी माणसं देव आठवत बसलेली, त्यांच्यासमोर "ती माझी" कसं म्हणायचं? तोंड मिटलं.

हवाई सुंदरी तळहातानं कप्पे चाचपत होती. मामांना ते बघवेना. "उलटा हाथ, बाई, उलटा!" म्हणत ते उठले. तिनं आधी बसायला सांगितलं, मग त्यांच्याकडं बघून काय वाटलं कोण जाणे, कोपराला आधार दिला. तो थरथरता हात कप्प्यांवरून सरकत सरकत बरोबर माझ्या डोक्यावर थांबला.

"हितं."

कप्पा उघडला तर माझ्या बॅगेतून धूर. तिनं हातमोजे चढवले, पाणी ओतलं, पॉवर बँक पाण्याच्या भांड्यात बुडवली आणि विचारलं, "किसका बैग है?"

मी बुटांकडं बघत होतो.

"हमारा," मामा म्हणाले.

हैदराबादला उतरताना कॅप्टन दारात उभे होते. त्यांनी मामांचा हात दोन्ही हातांत घेतला. "आप क्या करते हैं?"

"मेंटेनन्स में हूं." 'था' म्हणाले नाहीत ते. मीही दुरुस्त केलं नाही.

चालताना मामा आपल्या हाताकडं बघत होते. मी पुटपुटलो, "चुकलंच मामा. तेव्हाच सांगायला हवं होतं."

"करंट लागला तर अडाणी माणूसबी निदान वरडतो, पाव्हणं," मामा म्हणाले. "तुम्ही एवढं शिकून गप बसला."