सगळे खाली आले

करी रोडच्या आमच्या चाळीत आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण झालं, त्या रविवारी अंगणात मांडव घातला होता. व्यासपीठावर नऊ खुर्च्या होत्या. त्यांतली एक प्रशिक्षकांची. बाकीच्या आठांवर कोण बसणार यावर चाळ कमिटीच्या दोन बैठका झाल्या होत्या. सराव कसा करायचा यावर एक झाली, तीही दुसऱ्या विषयांच्या शेवटी.

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरी करून निवृत्त झालो. चाळीत त्याचा अर्थ एवढाच, की अर्ज, सूचना, निमंत्रणं आणि कार्यक्रमाची बातमी लिहिण्याचं काम माझ्याकडे येतं. या वेळी आणखी एक काम आलं. सराव सुरू झाला की तिन्ही मजल्यांवरून कोणकोण खाली यायला हवं, त्याची यादी करायची आणि अंगणात उभं राहून नावांपुढे खुणा करायच्या.

यादीसाठी मी मजलावार फिरलो. तिसऱ्या मजल्यावर शेवटच्या खोलीत टीचर राहतात. शाळेत त्या कधीच शिकवायला नव्हत्या. पंचवीस वर्षं खोलीत शिकवण्या घेतात आणि चाळीतल्या निम्म्या पोरांचे पाढे त्यांनी पाठ करून घेतलेत, म्हणून टीचर. लहानपणापासून दोन्ही पाय अधू. खोलीत आणि गॅलरीत चाकाच्या खुर्चीवर फिरतात. जिना उतरायचा झाला तर भाऊ पाठुंगळी घेऊन उतरवायचा. भाऊ डोंबिवलीला गेला, मग त्याच्या मणक्याचं दुखणं निघालं. गेल्या पावसाळ्यापासून टीचर खाली आलेल्या नव्हत्या.

मी यादी घेऊन गेलो तेव्हा त्यांचा तिसरीचा वर्ग चालू होता. माझ्या हातातला कागद बघून त्या म्हणाल्या, "काका, माझं नाव लिहा. आणि पुढे लिहा, खुर्चीतून आणणे."

"कुणी आणायचं?"

"तेच तर बघायचंय ना! कोण आणतं, किती वेळ लागतो, कुठे अडतं. नाहीतर आगीला निरोप पाठवू या का, टीचरचा भाऊ डोंबिवलीहून येईपर्यंत थांब म्हणून?"

पोरं हसली. त्यांनी पोरांना गप्प केलं आणि मला म्हणाल्या, "मी मस्करी करत नाहीये."

मी नाव लिहिलं आणि पुढे त्यांनी सांगितलेले दोन शब्दही लिहिले.

कमिटीच्या बैठकीत मी हा मुद्दा वाचून दाखवला तेव्हा सगळेच चपापले. त्याचं कारण बाहेरच्याला कळणार नाही. आमचा जिना लाकडी आणि अरुंद आहे. स्ट्रेचर वळणावर वळत नाही. त्यामुळे वरच्या मजल्यावरचा माणूस हॉस्पिटलात न्यायची वेळ आली, की त्याला लाकडी खुर्चीत बसवून, छातीशी चादर बांधून खाली आणतात. असे जे उतरले त्यांतले बहुतेक पुन्हा वर आले नाहीत. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाने आपल्या घरातलं कुणीतरी असं उतरताना पाहिलंय. आमच्याकडे धडधाकट माणसाला कुणी खुर्चीत बसवून जिना उतरवत नाही, गमतीनेसुद्धा नाही.

पहिल्या मजल्यावरच्या आजी बैठकीला दारात बसल्या होत्या. त्या मूळच्या मालवणच्या. त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "जित्या माणसाक असा खुर्चेत घालून नेतत काय? ह्या काय आयकूचा इला माझ्या वाट्याक!"

सेक्रेटरी म्हणाले, "आजी म्हणतायत ते बरोबर आहे. देव न करो, उद्या टीचरना काही झालं तर आयुष्यभर आपल्याला वाटत राहील. आणि त्यांना त्रास कशाला? त्या गॅलरीतून बघतील की."

"त्यांनी स्वतः सांगितलंय," मी म्हणालो.

"त्या सांगतील हो. धाडसी आहेत. आपण ऐकायचं का?"

कुणाच्या मनात टीचरबद्दल वाईट काही नव्हतं, हे नोंदवायला हवं. उलट सगळ्यांना त्यांची काळजी होती आणि त्या काळजीपोटीच त्यांनी वरच थांबावं असा ठराव झाला. मग सेक्रेटरींनी आणखी एक अडचण काढली. टीचर वरच राहणार असतील तर यादीत त्यांचं नाव ठेवून आकडा जुळणार नाही, पाहुण्यांसमोर एक माणूस कमी दिसेल. मी त्यांच्या नावावर रेघ मारली. तीस वर्षं मी इतरांच्या बातम्यांतल्या चुका काढल्या होत्या. या रेघेला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

प्रशिक्षक वेळेवर आले, साडेआठला. पाहुणे दहाला आले. मधल्या वेळात पोहे सुरू झाले आणि सगळी चाळ सरावाच्या आधीच खाली उतरली. मग सेक्रेटरींनी माईकवरून विनंती केली, की सर्वांनी आपापल्या खोल्यांत परत जावं, कारण भोंगा वाजल्यावर खाली यायचं आहे. काही गेले. बरेचसे पहिल्या मजल्याच्या जिन्यावर प्लेट घेऊन थांबले.

भोंगा मंडळाच्या लाऊडस्पीकरवर वाजला. लोक उतरले. मी खुणा केल्या. आकडा जुळला. प्रशिक्षकांनी विचारलं, "वर कुणी राहिलंय? आजारी, वयस्कर, कुणी?"

"सगळे खाली आलेत सर," सेक्रेटरी म्हणाले आणि टाळ्या झाल्या.

प्रशिक्षक चांगले होते. धूर वर जातो म्हणून वाकून चालायचं, दाराला आधी हाताची मागची बाजू लावून बघायचं, सिलिंडरची पेटलेली नळी कशी विझवायची, हे त्यांनी नीट दाखवलं. त्यांना अर्धा तास मिळाला. सत्काराला पाऊण तास लागला. जखमीला कसं न्यायचं ते व्यासपीठावरच दाखवण्यात आलं. एका सडपातळ तरुणाला स्ट्रेचरवर झोपवून व्यासपीठाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं.

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला, "वा! तळमजल्याचे पेशंट वाचले!"

सगळे वर बघून हसले. पाहुण्यांनी हात केला. प्रशिक्षक हसले नाहीत. त्यांनी सेक्रेटरींना काहीतरी विचारलं, सेक्रेटरींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगितलं, आणि नारळ पुढे आला.

नारिंगी जाकिटं घातलेल्या, चाळीतल्याच बारा स्वयंसेवकांना प्रमाणपत्रं मिळाली. बातमी मी लिहिली. 'सर्व रहिवासी सात मिनिटांत सुरक्षितपणे खाली' असं तिचं पहिलं वाक्य होतं.

त्यानंतर महिन्याभराने, मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला, जिन्याखालच्या मीटरच्या पेटीतून धूर यायला लागला. आधी जळक्या रबराचा वास आला, मग धूर जिन्यात भरला. बारा स्वयंसेवकांपैकी अकरा कामावर होते, कुणी अंधेरीला, कुणी वांद्र्याला. बारावा रात्रपाळीहून येऊन झोपला होता आणि तो सगळ्यात आधी बाहेर पळाला. जाकिटं मंडळाच्या कपाटात होती. कपाटाची चावी सेक्रेटरींकडे होती आणि सेक्रेटरी फोर्टला ऑफिसात.

तरीही लोक उतरले. तोंडाला ओले रुमाल लावून, भिंतीला धरून, बऱ्यापैकी शिस्तीत उतरले. शिकवलेलं अगदीच वाया गेलं नव्हतं. मी यादी घेऊन अंगणात उभा राहिलो. कामावर असलेल्यांची नावं बाजूला काढली, उरलेल्यांपुढे खुणा केल्या. टीचरच्या वर्गाची सहा पोरं एकामागे एक, एकमेकांच्या दप्तराचे पट्टे धरून उतरली. ती चाळीतली नव्हती, म्हणून मी त्यांना यादीत धरलं नाही, एका बाजूला उभं केलं. आकडा जुळला.

अग्निशमन दलाची गाडी आली. अधिकाऱ्याने विचारलं, "वर कुणी आहे?"

मी कागदाकडे बघितलं आणि म्हणालो, "नाही. सगळे खाली आलेत."

पाठोपाठ माझा फोन वाजला.

"काका," टीचर म्हणाल्या. त्यांना खोकला येत होता. "आकडा किती भरला? मला धरून सांगा."

मी वर बघितलं. गॅलरीच्या टोकाला, तोंडाला ओली ओढणी बांधून, त्या खुर्चीत बसल्या होत्या. एक हात फोनला आणि दुसऱ्याने त्या मला हात करत होत्या, जसा ओळखीचा माणूस रस्त्यात दिसल्यावर करतात तसा.

मी अधिकाऱ्याला सांगितलं. त्याने माझ्या हातातल्या कागदाकडे एकदा बघितलं आणि दोन जवानांना वर पाठवलं. तोवर वीज तोडली होती, धूर विरायला लागला होता. जवानांनी टीचरना गॅलरीतच मोकळ्या हवेच्या बाजूला थांबायला सांगितलं आणि एक जण त्यांच्याजवळ उभा राहिला. खाली आणायची गरज पडली नाही. सगळं पाऊण तासात संपलं.

सेक्रेटरी संध्याकाळी आले ते हादरलेले होते, हे खरं. त्यांनी टीचरची माफी मागितली. मग कमिटी बसली आणि ठरलं, की पोरांना शिस्तीत खाली पाठवल्याबद्दल टीचरचा जाहीर सत्कार करायचा. निरोप घेऊन मीच गेलो.

"कुठे?" टीचरनी विचारलं.

"इथेच. वर. कमिटी म्हणते, तुम्हाला त्रास नको."

टीचर म्हणाल्या, "म्हणजे शाल जिना चढू शकते."

मी म्हणालो, "मी कमिटीला पुन्हा सांगतो."

"तुम्ही मागच्या वेळीही सांगितलंत. नको. येऊ देत त्यांना."

रविवारी अकराला सत्कार वर आला: सेक्रेटरी, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि फोटो काढायला दोन स्वयंसेवक. दोघेही टीचरचे जुने विद्यार्थी. एक बँकेत आहे, दुसऱ्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. खोलीत टीचर चाकाच्या खुर्चीवर नव्हत्या. हात असलेल्या एका लाकडी खुर्चीत बसल्या होत्या आणि छातीशी चादर त्यांनी स्वतःच बांधून घेतली होती.

सेक्रेटरी दारात थांबले. "अहो टीचर, हे काय?"

"सत्कार खाली ठेवलाय ना? मी येते." मग त्या दोघांना म्हणाल्या, "तू मागून धर. तू पुढचे पाय. मोबाइलवाल्या, दोन्ही हातांनी! कॅमेरा खिशात टाक."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं, मग सेक्रेटरींकडे.

"त्यांच्याकडे काय बघतोस? सातच्या पाढ्याला बघायचास का?"

त्यांनी उचललं. जिन्याच्या तोंडाशी येईपर्यंत बातमी खाली पोचली होती. पहिल्या मजल्यावरून आजींचा आवाज आला, "अगो बाय माझे, नको गो! असा नको!"

टीचर वरून ओरडल्या, "आजी, मी परत वर येणाराय! माझा चारचा क्लास आहे!"

पहिला टप्पा नीट उतरला. मी पुढे उलटा चालत पायऱ्या सांगत होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडली. तिथे एका कुटुंबाचं लोखंडी कपाट ठेवलेलं आहे. वर्षभर आम्ही सगळे त्याच्या बाजूने जातयेत होतो. एकटा माणूस सहज जातो. खुर्ची आणि तिला धरलेली दोन माणसं जात नाहीत. तिरकी करून बघितली, उंच करून बघितली, पाठमोरी वळवून बघितली. अंतर चार बोटं कमी पडत होतं. बँकेतल्याच्या हाताची सालं निघाली. शेवटी त्यांनी खुर्ची तिथेच टेकवली.

कपाटाचा मालक एका इमारतीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे, रविवारी ड्युटीवर. सेक्रेटरींनी त्याला फोन लावला. आवाज आम्हाला ऐकू येत होता. "कपाट भरलेलं आहे हो. आत आईच्या साड्या आहेत, भांडी आहेत. खोलीत जागा कुठाय? दिवाळीनंतर बघू या ना."

"चला टीचर," सेक्रेटरी म्हणाले. "पुन्हा वर नेतो. कपाटाचं मी बघतो, शब्द देतो."

"तुम्ही बघा. मी इथे बसते."

"इथे? जिन्यात?"

"कपाट हललं की मी हलते."

सगळ्यांना वाटलं, दहा मिनिटांत त्या वर जायला तयार होतील. बाराला त्यांनी आजींकडून पाणी मागवलं. आजी रडतच घेऊन आल्या आणि मग वर्तमानपत्र टाकून शेजारच्या पायरीवर बसून राहिल्या. सिलिंडरवाला आला आणि परत गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या एकाला लग्नाला जायचं होतं, तो इस्त्रीचे कपडे सांभाळत टीचरच्या खुर्चीमागून सरपटत गेला आणि म्हणाला, "टीचर, आता पुरे की." त्या म्हणाल्या, "मलाही तेच वाटतं." चार वाजता पोरं आली आणि पायऱ्यांवर बसली. अपूर्णांक चालू होते. सेक्रेटरी दोनदा येऊन बघून गेले. शाल त्यांच्या हातात तशीच घडी होती.

कपाटाचा मालक साडेसहाला घरी आला. आपल्याच दाराशी भरलेला वर्ग बघून त्याचा आवाज चढला. टीचर म्हणाल्या, "तुझी मुलगी पुढच्या वर्षी माझ्याकडे येणार आहे ना? तीसुद्धा तिसऱ्या मजल्यावर बसणार." तो आत गेला आणि कपाटाची चावी घेऊन आला.

साड्या निघाल्या, पितळी डबे निघाले, एका जुन्या पंख्याची पाती निघाली. सहा जणांनी कपाट उचललं. खुर्ची वळली. सव्वासातला टीचर अंगणात पोचल्या. त्यांनी चहा मागितला, तो अर्धाच घेतला, घड्याळात बघितलं आणि म्हणाल्या, "उतरायला आठ तास. लिहा काका." शाल त्यांनी खुर्ची टेकली त्या जागी, अंगणातच घेतली. वर जायला बारा मिनिटं लागली आणि आजी शेवटच्या पायरीपर्यंत एकेक पायरी मोजत आल्या.

मी सगळं लिहिलं, वेळेसकट. यादीही नवी केली. कमिटीने दोन्ही कागद फायलीत लावले आणि खुर्चीच्या सरावाचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. ती बैठक अजून झालेली नाही.

कपाट मालकाच्या खोलीत मावलं नाही. त्या संध्याकाळी ते वळणावरून उचलून दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, नळाशेजारी ठेवलं गेलं. ते आजही तिथेच आहे. त्याच्या पलीकडे चार खोल्या आहेत. त्यांतल्या एकीत गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक गृहस्थ राहतात. कपाट आणि कठडा यांच्यामधून त्यांचा वॉकर जात नाही.