तलाठ्याचं अक्षर

इतकी वर्षं झाली, तरी ती दिवाळी आठवली की माझं डोकं फिरतं.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची गोष्ट. मी शिरूरला शाळामास्तर होतो. तिथल्या वाचनालयात आम्ही आठ-दहा जण एका गुप्तहेराच्या पुस्तकांपायी वेडे होतो. नवं पुस्तक वर्षाला एखादंच यायचं, म्हणून आम्ही दिवाळीची एक रीत पाडली. चिठ्ठी उचलायची आणि ज्याचं नाव निघेल त्याला याच गुप्तहेराची स्वतः रचलेली गोष्ट वहीत लिहून भेट द्यायची. नाव घालायचं नाही. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून वही दुसऱ्याकडून उतरवून घ्यायची. हा नियम माझा. माझी वही माझ्या बायकोनं उतरवली होती.

भाऊबीजेनंतर सगळ्या वह्या सगळ्यांनी वाचायच्या आणि कुठल्या चुकवू नयेत ते मी फळ्यावर लिहायचं. त्या वर्षी मी तीन सुचवल्या. एकीत गुप्तहेर राहू गावच्या गुऱ्हाळात चोर पकडतो, पानापानाला गुळाचा वास येतो. दुसरीत दौंडला त्याची गाडी चुकते. गोष्ट मधे जरा रेंगाळते, पण शेवट झकास. तिसरी मात्र सगळ्यांच्या वर. मूळ पुस्तकांत गुप्तहेराकडे स्वयंपाकाला एक बाई आहे. चहा आणून ठेवण्यापलीकडे लेखकानं तिला काम दिलेलं नाही. या गोष्टीत खुनी तिलाच सापडतो. खून झालेल्या साहेबांशी तासभर बोलत बसलो म्हणणाऱ्या पाहुण्याचा, आल्याआल्या दिलेला चहा अजून वाफाळत असतो, हे तिच्या लक्षात येतं. शाबासकी गुप्तहेर घेऊन जातो आणि बाई कप विसळते. मला ही वही भेट आली होती. मी दोनदा वाचली.

फळा वाचून सगळे त्या वहीवर तुटून पडले. अक्षर गावानं सातबाऱ्यावर पाहिलेलं, तलाठ्याचं.

"भाऊसाहेब, छुपे रुस्तम निघालात की," ग्रंथपाल तिथं आलेल्या तलाठ्याला म्हणाला.

भाऊसाहेब सभासदसुद्धा नव्हते. सभासद होती त्यांची बायको, आमच्यातली एकुलती एक बाई. ती कपाटापाशी उभी होती. "म्या लिव्हलीया ती. ह्यांनी निस्ती उतरवली," ती म्हणाली.

"व्हय व्हय, घरचीच हाय म्हना," ग्रंथपाल हसला आणि फळ्यावर भाऊसाहेबांचं नाव लिहून मोकळा झाला. आणि हा गृहस्थ! नाही म्हणाला नाही. "उगं आपलं, जमंल तसं," म्हणत पेढा खाल्ला. मी ते नाव पुसून तिचं लिहिलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर पुन्हा भाऊसाहेब. मी भांडलो, तर लोक म्हणाले, गुरुजींना काय झालंय?

उन्हाळ्यात त्यांची बदली दौंडला झाली. मी वही घेऊन मुद्दाम तिथं गेलो. म्हटलं, वहिनी, पहिल्या पानावर तुमचं नाव घाला, मग बघतो कोण पुसतंय. तिला केवढा आनंद झाला. तिनं पदराला हात पुसले आणि पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात मी म्हणालो, "एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या. तुम्हीच रचलीय ना?"

तिनं टोपण परत लावलं.

"गुरुजी, तुमची वही कुनाच्या अक्षरात व्हती?"

"बायकोच्या."

"मग त्यास्नी इचारलं का कुनी, गोष्ट तुमची का गुरुजींची म्हनून?"

वही अजून माझ्याकडे आहे. पहिलं पान कोरंच आहे.