मामाच्या छपरावरचं ऊन

माझ्या कामाला कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी सख्ख्या मामाशी कशी भांडले याचं नवल वाटायला नको. गाड्यांची वायरिंग करणं हा माझा धंदा. टायरवाला आणि रंगवाला यांच्या मधे माझं दुकान आहे, पुढे मोकळं आवार, आणि एकवीस वर्षांत माझ्या हातची एकही वायर जळलेली नाही. मामा मला लहानपणापासून ठिणगी म्हणतो. ते नाव स्वभावावरून पडलं, धंदा मागून आला.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. अडतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली त्याने. काटक अंग, पांढऱ्या मिशा, आणि आरशात बघून बघून मान एका बाजूला जराशी कललेली. तो ब्रेक असा दाबायचा की शेवटच्या सीटवरच्या माणसाच्या हातातला चहासुद्धा हिंदकळायचा नाही. पण त्याला त्याहून मोठा अभिमान होता तो सावलीचा. जेवणाच्या थांब्यावर बाकीचे ड्रायव्हर दारासमोर गाडी लावून मोकळे व्हायचे. मामा मात्र पार मागे जाऊन, भिंत नाहीतर झाड शोधून, गाडी सावलीत लावायचा. माणसं जेवून आली की सीट गार. म्हाताऱ्या बायका त्याला तोंड भरून आशीर्वाद द्यायच्या. कुठल्या थांब्यावर किती वाजता सावली कुठे पडते, हे त्याला पोरांच्या पाढ्यांसारखं पाठ होतं.

निवृत्त झाल्यावर त्याने भंगारात निघालेली एक मिनीबस घेतली आणि दोन वर्षं खपून तिच्यात घर केलं. मागे पलंग, पलंगाखाली खण, बाजूला शेगडी आणि छोटा फ्रीज. वळणावर ताटं पडू नयेत म्हणून कपाटांना खटक्याच्या कड्या. मामीने पडदे शिवून दिले आणि येईल त्याला सांगितलं, "मी फक्त पडदे शिवले आहेत. प्रवास काय तो पडद्यांनी करावा."

गंमत वाटेल, पण ती चेष्टा नव्हती. झोपेत मामीचा श्वास थांबतो. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला एक मशीन दिलं. नाकावर मुखवटा लावायचा, मशीन हवा सोडत राहतं, श्वास चालू राहतो. एकही रात्र चुकवायची नाही, असं बजावलेलं. ती एकदा लॉजवर राहिली आणि नेमकी तिथली वीज गेली. बिचारी सकाळपर्यंत खुर्चीत ताठ बसून होती. त्यानंतर घराबाहेर मुक्काम बंद. लग्न असो, बारसं असो, मामी संध्याकाळी परत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तिने तर ताकच सोडलं.

अशात तिच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ही बहीण तीन दिवसांच्या वाटेवर, डोंगरावरच्या घरात राहते. तिथे वीज आली तर आली. दोघी चार वर्षांत भेटल्या नव्हत्या. आणि आता बहीण म्हणाली, "महिनाअखेरीला मी मुलाकडे चालले, समुद्रापलीकडे. आता कायमचीच. तू येणार नाहीस हे ठाऊक आहे, नुसतं सांगायला फोन केला." मामीने फोन ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडून बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी सकाळीच घासून झाली होती, असं मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मिनीबस माझ्या आवारात. मामा खाली उतरला नाही, खिडकीतूनच म्हणाला, "ठिणगे, या गाडीत तुझ्या मामीचं मशीन रोजच्या रोज चाललं पाहिजे. कसं ते तू बघ."

इंजिनवरची वीज गाडीच्याच बॅटरीला जेमतेम पुरायची. म्हणून मी घराच्या भागासाठी वेगळी बॅटरी बसवली आणि ती भरायला छपरावर सोलरचे दोन पॅनल. मशीन, फ्रीज, पंखा, सगळ्याचा हिशोब करून थोडं जास्तच धरलं. मी छपराला भोक पाडायला घेतलं तेव्हा मामाचा चेहरा असा झाला जसं काही त्याच्याच टाळूला ड्रिल लावतेय. "अडतीस वर्षांत माझं छप्पर गळलेलं नाही," म्हणाला. मी म्हटलं, "आणि माझं कधी गळकं राहिलेलं नाही. खाली उभा राहा आणि स्क्रू दे." पलंगाच्या डोक्याशी एक छोटा स्क्रीन लावला, त्यावर बॅटरी किती भरली आहे तो आकडा दिसतो. संध्याकाळपर्यंत आकडा शंभर झाला. मी हात पुसले.

मामीची अट होती, आधी घराजवळ गाडी लावून गाडीत झोपून बघायचं, मग पुढचं. तिसऱ्या सकाळी दुकान उघडायच्या आधीच मामा दारात हजर. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"उजाडायच्या आधी मशीन बंद पडलं," म्हणाला. "ती दचकून उठली. माझा हात असा धरला होता तिने." त्याने मनगट दाखवलं. मग म्हणाला, "छपरावरच्या त्या तुझ्या काचा खोट्या आहेत."

आता बाकी काहीही म्हणाला असता तरी चाललं असतं. मी म्हटलं, "मामा, नाचता येईना आणि अंगण वाकडं. रात्रभर पंखा फुल सोडला असशील."

"एकवर होता."

"मग फ्रीज उघडा राहिला असेल."

"अगं, माझी बायको श्वासाला तडफडली आणि तू फ्रीज काय काढतेस?"

मी शिडी लावली, छपरावर चढले, एकेक जोड तपासला. वायर ठीक, फ्यूज ठीक, मीटर लावला तर पॅनल दोन्ही हातांनी वीज देत होते. दुपार कलायच्या आत आकडा शंभर. मी सगळे जोड पुन्हा आवळले आणि गाडी परत पाठवली. दोन दिवसांनी सकाळी आकडा अडतीसवर आला. या वेळी मामी मशीन बंद पडायची वाट बघत बसली नाही. उशी उचलली आणि घरी निघून गेली. बहिणीला फोन करून सांगितलं, जमत नाही.

मला झोप लागेना, जेवण गोड लागेना. माझ्या आवारात चालतं आणि मामाकडे गेलं की चालत नाही, हे काय गौडबंगाल? बॅटरी बदलली. पॅनल आणि बॅटरीच्या मधला कंट्रोलर बदलला. कंपनीच्या माणसाला फोनवर इतकं पिडलं की त्याने मला ताई म्हणायचं सोडून मॅडम म्हणायला सुरुवात केली. शेवटी मामाला म्हटलं, "आज मी तुझ्याबरोबर येते. गाडी तू रोज लावतोस तिथे लाव, दिवसभर मी बसते मीटर घेऊन."

घराजवळ, खेळाच्या मैदानामागे मोठी मोकळी जागा आहे. भर अकराचं ऊन, पन्नास गाड्या मावतील एवढी जागा रिकामी. मामा त्या सगळ्या जागेला वळसा घालून थेट टोकाला गेला. तिथे एक अवाढव्य झाड. त्याने गाडी मागे घेतली, खाली उतरला, मान वर करून फांद्या बघितल्या, परत चढला, हातभर पुढे घेतली. पुन्हा उतरून बघितलं. मग समाधानाने हात झटकले आणि मला म्हणाला, "बघ. संध्याकाळपर्यंत छपराला उन्हाचा ठिपका लागायचा नाही."

मी कपाळाला हात लावून तिथेच पायरीवर बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दहा दिवस मी वायर तपासत होते, ड्रायव्हर तपासलाच नव्हता. आणि चूक माझीही होतीच. सोलर उन्हावर चालतं, हे जगात कोणाला सांगावं लागेल असं मला वाटलंच नव्हतं.

"मामा," मी म्हटलं, "ती काच काय खाते?"

"वीज."

"वीज देते ती. खाते काय?"

मामाने झाडाकडे बघितलं, छपराकडे बघितलं. पॅनलवर पानं पडली होती आणि पक्ष्यांनी मनसोक्त रांगोळी घातली होती. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. मला हसू फुटलं होतं, पण त्याच्याकडे बघून मी ते आवरलं. तो म्हणाला, "म्हणजे तिचा श्वास मी अडवला."

"मुद्दाम थोडाच?"

"मुद्दाम नाही म्हणून काय झालं," म्हणाला, आणि एवढा मोठा माणूस गाडीत चढून स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. ठेवला.

मग तो स्वतः घरी गेला आणि मामीला सगळं सांगून टाकलं. मी आपली मागे उभी. मामी भाजी निवडत होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. आज उन्हात लावाल. चार दिवसांनी वाटेत एखादं झाड दिसलं की तुमचे हात आपोआप वळतील. तुमच्या सवयीच्या भरवशावर मी डोळे मिटायचे का?"

वायर आवळता येते, सवय कशी आवळणार?

मामा म्हणाला, "सात सकाळी दे मला. मी एकटाच गाडीत झोपतो, मशीन तसंच चालू ठेवतो. रोज सकाळी आकडा तू स्वतः येऊन बघ. एकदा जरी सत्तरच्या खाली गेला तरी मी परत नाव काढणार नाही."

महिनाअखेरीला तेव्हा सोळा दिवस होते.

दुसऱ्या दिवसापासून मामाने मैदानाच्या बरोबर मध्यात गाडी लावली. माझ्यासमोर लावली म्हणून सांगते, त्याला ते खरोखर जड गेलं. लावून झाल्यावर तो दोनदा गाडीभोवती फिरला, पत्र्याला हात लावून बघितला, आणि जत्रेत पोर सोडून आल्यासारखा मागे वळून वळून बघत झाडाखाली गेला. दोन खुर्च्या त्याने तिथे मांडल्या. दुपारभर गाडी उन्हात आणि तो सावलीत. दर तासाला उठून जायचा, पॅनल पुसायचा, परत यायचा. माझ्या शेजारचा टायरवाला तिकडून जाताना त्याला म्हणाला, "काका, पापड वाळत घातलेत का?" मामा म्हणाला, "हो. आणि कावळे फार झालेत."

मामी रोज सकाळी साडेसहाला यायची. चप्पल पायरीशी काढायची, आत जाऊन आकडा बघायची, कोणाशी न बोलता घरी जायची. चौऱ्याहत्तर. शहात्तर. चौऱ्याहत्तर. चौथ्या दिवशी आभाळ भरून आलं आणि दिवसभर हललं नाही. मामा चहासुद्धा प्यायला नाही. मी दुकान बंद करून त्याच्याशेजारी बसले, दोघंही वर बघत. फ्रीज त्याने स्वतःच बंद केला, पंख्याला हात लावला नाही. दुसऱ्या सकाळी मामी आत गेली आणि जरा जास्त वेळ आतच राहिली. बाहेर आली तेव्हा मामाने तिच्याकडे बघायचंही टाळलं.

"एकाहत्तर," ती म्हणाली. आणि पहिल्यांदाच लगेच घरी गेली नाही, दुसऱ्या खुर्चीवर टेकली. "दाढी करा आज," म्हणाली.

सातवी सकाळ तिने बघितलीच नाही. सहाव्या दुपारी ती स्वतःची उशी, मशीनची जास्तीची नळी आणि बहिणीसाठी विणलेला स्वेटर घेऊन आली. मामा म्हणाला, "अजून एक राहिलीय ना?" तर म्हणे, "राहू दे. मी आकडा बघत नव्हते. तुम्ही झाडाखालून रोज उठून उन्हात जाता का, ते बघत होते खिडकीतून."

ते निघाले. पहिल्या मुक्कामाहून मामाचा फोन, फक्त एक शब्द, "अठ्ठ्याहत्तर." दुसऱ्या मुक्कामाहून, "पंचाहत्तर. इथे काय सुरेख सावली होती गं, विचारू नकोस." तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचले. चौथ्या सकाळी मी आठ वाजल्यापासून फोन हातात धरून बसले. फोन नाही. नऊ वाजले, नाही. साडेनऊला मीच लावला, तर मामीने उचलला. आवाज झोपेतला.

"मामा कुठे आहे?"

"घरात आहेत, कोचावर. त्यांना गाडीतून बाहेर काढलं आम्ही. आम्ही दोघी गाडीत झोपलोय." मागून कोणीतरी खळखळून हसलं. "ही म्हणते तुझं मशीन फार घुरघुरतं, तरी माझ्या आधी हीच घोरायला लागली."

"मामी, ते असू दे. आकडा किती आहे?"

पलीकडे जरा वेळ नुसती कुजबुज आणि हसणं. मग मामी म्हणाली, "कोणी बघितलाय? आम्ही अजून उठलोच नाही."