कुंकू लावलेली चिप

मंजुषा माही लहानी बहीन. आख्ख्या इंझोरीत अशी बहीन दुसऱ्या कोन्या भावाले असन तं आना समोर, मिशी उतरवून देतो.

पुन्याच्या ज्या कंपनीत मंजुषा चिपा तपासते, तिथं धुळीचा कनही चालत नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, कपायाले टिकली नाही, तोंडाले पावडर नाही.

कंपनीले पन्नास वर्सं झाले. मालकानं ठरवलं, आजवरची एकेक चिप काचेच्या कपाटात मांडाची. पयली भिंतीवरच्या घड्याळाची, मंग क्यालकुलेटरची, आताच्या मीटरच्या न् गाड्यायच्या. मंधातली एकच भेटे ना. लाइन आली का विहिरीवरची मोटर आपोआप चालू करे, त्या डबीतली.

"आमच्या वावरात चालू हाय," मंजुषा बोलून गेली.

सायेब म्हने, "आणा. खाली तुमच्या गावाचं नाव लिहू."

इंझोरीचं नाव, काचेत! पोरीले दुसरं काही सुचे ना. जऊळक्याच्या टेसनावर उतरली, घरी आली, वावरात जाऊन डबी खोलली. पाह्यते तं चिपीवर कुंकवाचा थर!

डबी बसवली तवा आमच्या बापानं मायले हेच चिप दाखवली होती, "गोजरा, सारा जीव या काया किड्यात हाय." दसऱ्याले लोकं डबीले कुंकू लावते. आमची माय झाकन खोलून थेट किड्यालेच लावे. डबी येयाच्या आंधी लाइन रातचीच ये, बाप अंधारात मोटर चालू कराले जाये, न् माय उंबऱ्यात बसून राहे. डबी आली तवा कुठं माय निजली. आता बाप नाही, वावर माह्याकडं हाय.

"नाही देत," माय म्हने. "शेजारच्या वावरातल्या फुलसिंगच्या दोन नव्या डब्या जयल्या. तुह्या काचेपाई पोरगं सापाच्या तोंडी देऊ?"

मी म्हटलं, "माय, साप मले पाहून पयते."

"तू गप रे."

"नवी आनली ना मी," मंजुषा म्हने. "यातला किडा माह्या हातानं तपासला हाय."

"कुंकू लावून?"

"तिथं कुंकू चालत नाही, माय. धूळ असते ते."

"कुंकवाले धूळ म्हनते! लय शिकली पुन्याले जाऊन."

तिथं एक कन पडला तं माल फेकून देते, न् इथं इतक्या वर्साच्या कुंकवाखाली चिप चालून राह्यली. चिप कवचात बंद होयेपर्यंतच जपा लागते, हे मंजुषाले ठावं होतं. पन मायले हे कसं सांगाव?

शेवटी मायच म्हने, "लाव नवी. जुना किडा माह्या पदरात राहीन. सकायी हरबऱ्यात पानी दिसलं तं घेऊन जाय. नाही तं हाच परत बसव."

दुसऱ्या दिवशी सकायी माय अनवानीच वावरात गेली. मंजुषा मांगं मांगं. मायनं हरबऱ्यात पाय टाकला, न् तो घोट्यापर्यंत चिखलात रुतला. नव्या डबीचं झाकन खोललं, किड्याले कुंकू लावलं. मंग पदराची गाठ सोडून जुना किडा पोरीच्या हातावर ठेवला.

"पुसू नको याले," म्हने.

मंजुषानं तशीच मूठ मिटली.