पत्र्याच्या निऱ्या

मंठ्यात कडूबानं उभी हयात गाड्यांचे पत्रे ठोकले. आधी जीपा होत्या. मागं समोरासमोर बाकडी, वर ताडपत्री, पत्रा असा जाड की घणाशिवाय हलत नसे. मग सरकत्या दाराच्या व्हॅन आल्या. इंजिन सीटखाली, चालवणाऱ्याच्या गुडघ्यापुढं नुसता पत्रा. चेपलेल्या व्हॅनमधून माणूस काढायला पहार लागायची. ती कडूबानं कितीदा धरली. तेव्हापासून त्याचं एकच माप: पत्रा जाड, तर गाडी खरी.

लेक रूपाली वाटूरला शिक्षिका. तिनं सात सीटांची गाडी घेतली. दारात त्रिशरण-पंचशील झालं, पेढे वाटले आणि कडूबानं बॉनेटवर अंगठा दाबला. पत्रा दबला.

“पापड हाये बाई हा. पुढून लोखंडी गार्ड बसवतो.”

“न्हाई बाबा. कंपनी नको म्हणती.”

“कंपनी येती का आपल्या रोडला?”

रूपाली बधली नाही. कडूबा रुसला. त्या गाडीत बसेना.

हिवाळ्यात एका सकाळी धुक्यात ती गाडी रस्त्यात उभ्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली. आत रूपाली आणि दोन्ही लेकरं होती. जावई संपतचा फोन आला, “मामा, समदे बोलून राह्यले, पण जल्दी या.”

कडूबानं आधी पहार उचलली.

गाडीचं तोंड काचेपर्यंत गेलं होतं. रूपाली लेकरांना घेऊन बांधावर बसलेली. तिच्या खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ, बाकी काही नाही. कडूबानं लेकरांची डोकी, हातपाय चाचपले. मग गाडीकडं वळून दार ओढलं. ते रोजच्यासारखं उघडलं. आत पाय ठेवायची जागा सपाट होती. हवेच्या पिशव्या रिकाम्या होऊन लोंबत होत्या.

तो पुढं जाऊन वाकला. चाकाजवळच्या लोखंडी दांडीवरून हात फिरवला. लुगड्याच्या निऱ्यांसारख्या घड्या, एकीवर एक. अपघातात पत्रा असा दुमडत नाही, वाटेल तिकडं फाटतो. हा इथंच दुमडावा, पुढं जाऊ नये, हे कुणीतरी आधीच बसवलं होतं. तळहाताएवढा पोचा मनासारखा काढायला कडूबाला अर्धा दिवस लागे. त्यानं बोटानं एकेक घडी मोजली.

“बाबा, गार्ड असता तर?” रूपाली मागं येऊन उभी होती.

“तर ह्या घड्या पडल्या नसत्या. धक्का थेट तुमच्यापस्तोर आला असता.” तो अजून वाकलेलाच होता. “तू ऐकलं न्हाई माझं, लई बराबर केलं.”

“मामा, उठा,” संपत म्हणाला. “क्रेन आली.”

“थांबव तिला,” कडूबा गाडीखाली सरकत म्हणाला. “दुसरी बाजू पाह्यची राह्यली.”